कानावरचं टायमिंग

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.
गाडीचा डिस्ट्रिब्युटर केसभर पुढं फिरवला, बोल्ट आवळला, पुन्हा रेस करून ऐकलं. इंजिन शांत. ठिणगीचं टायमिंग जास्त पुढं गेलं की इंजिन टिकटिक करतं. टिकटिक लागली की जरासं मागं घ्यायचं. अजून टिकटिक नाही. म्हणजे अजून पुढं घ्यायला जागा आहे.
गुरुवारी द्वारकाला बारामतीला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं. चार पावलं चालली की तिला दम लागतो. एसटी नको. आपल्या गाडीतून नेणार. ठरलं.

४ फेब्रुवारी.
स्टँडजवळच्या गॅरेजचा जोतीराम मिस्त्री टायमिंग बघायचा लाइट घेऊन आला. म्हणाला, तात्या, लाइट लावून खुणेवर ठिवू, धा मिनटांचं काम हाय. नको म्हटलं. एकतीस वर्षं कारखान्याच्या टर्बाइन हाऊसमध्ये फिटर होतो. बेअरिंग जाणार, हे आवाजावरून दोन दिवस आधी सांगायचो. ज्याला कान नाही त्यानं लाइट लावावा.
जाताना तो द्वारकाशी काहीतरी पुटपुटला. ती हसली. हल्ली सगळेच पुटपुटतात.

५ फेब्रुवारी. संध्याकाळ.
द्वारका स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, अवो, किती टिकटिकतंय ते, मला आत ऐकू येतंय. म्हटलं, कढईत मोहरी तडतडत असेल. म्हणाली, गॅस कवाच बंद केलाय.
हल्ली ती प्रत्येक गोष्ट ओरडून सांगते. दम लागतो तरी ओरडते. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.
टायमिंग आणखी केसभर पुढं.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
सणसरच्या अलीकडे इंजिन तापलं आणि बंद पडलं. उसाच्या ट्रॉल्या शेजारून जात होत्या. द्वारका दोन तास पदर तोंडाला लावून बसली. शेवटी पुतण्या इंद्रजित आला, त्याच्या गाडीतून घरी आलो. डॉक्टरांकडचा नंबर गेला. आता पुढचा गुरुवार.
कारण सापडलं : रेडिएटरमध्ये पाणी कमी. टायमिंगचा संबंध नाही.

९ फेब्रुवारी.
नवे प्लग. सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं. बॅटरी कमजोर असणार.

१० फेब्रुवारी.
बॅटरी नवी. झटका तसाच. दुकानदारानं जुनीच पुसून दिली.

११ फेब्रुवारी.
इंद्रजित आला. तात्या, काकीला मी नेतो, तुमी नुसतं व्हय म्हणा. हे तो तीनदा म्हणाला. पहिल्या वेळी मी ऐकलं नाही असं त्याला वाटलं. मी विचार करत होतो.
नाही म्हटलं. गुरुवारी गाडी तयार असेल.
तो गेल्यावर द्वारका समोर येऊन बसली. म्हणाली, तुमचा शब्द हाय म्हणून थांबते. पण ह्या बारीला शेवटचं.
तिचे पाय सुजलेत. परवा डॉक्टर बघतीलच.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.
जोतीरामला खोटं पाडण्यासाठी टायमिंग त्याच्या खुणेवर आणायला घेतलं. नीट चालणार नाहीच. मग त्याला दाखवता येईल.

रात्र. बारामती, दवाखाना.
खूण जुळवून वाकून बघत होतो. कुणीतरी दंडाला धरून ओढलं. इंद्रजित. त्याचं तोंड मोठं उघडं होतं.
द्वारका न्हाणीत पडली होती. बराच वेळ हाका मारत होती. इंद्रजितला मागच्या गल्लीत ऐकू आल्या. गाडीपासून न्हाणी दहा पावलं.
त्याच्या गाडीतून आणलं. वाटेत तिनं माझा हात धरून काहीतरी सांगितलं. रस्त्याच्या आवाजात कळलं नाही.
इंद्रजितला म्हटलं, इंजिन चालू होतं, हाका ऐकू कशा येणार?
इंजिन बंद होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.
द्वारका पहाटे गेली. आठ वाजता घरी आणलं.
वाटेत ती काय म्हणाली, ते इंद्रजितला विचारलं. त्यानं सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मी मान हलवली.
अंगणात तिला ठेवायला जागा हवी होती. गाडी बाजूला घ्या म्हणून त्यानं हातानं खुणावलं. सेल्फ मारला. चालू झालं की नाही कळेना. उतरून बोनेटवर हात ठेवला. थरथरत होतं.