अर्ध्या वाटेवरची टेकडी

५ मार्च २००५, शनिवार. वेलिंग्टन.
सुचित्राचा फोन! ईस्टरला लेकीला, इरावतीला, माझ्याकडे पाठवतेय. भेटायचं कुठं, तर टोंगारिरो नॅशनल पार्कातल्या त्या जांभळ्या हेदरफुलांच्या टेकडीपाशी. न्यूझीलंडला आलो त्या वर्षी आम्ही दोघं तिथंच गेलो होतो. बाई काहीही विसरलेली नाही! ऑकलंड आणि वेलिंग्टनच्या बरोब्बर मध्ये पडतं म्हणून, असं कारण दिलं. द्यावंच लागतं काहीतरी.
वर्षभर ती पोरीला घेऊन ऑकलंडात सँडरिंगहॅमला राहतेय, तर लोक लगेच ‘वेगळे झाले’ म्हणतात. ब्रेक आहे.
ठरलं. टेकडीच्या माथ्यावर तिला म्हणायचं, ‘घरी चल.’

८ मार्च.
संकल्प: उद्यापासून ऑफिसात लिफ्ट बंद. टेकडी तशी चिल्लर आहे, पण ऐन वेळी बोलताना धाप लागायला नको.

९ मार्च.
लिफ्ट. सकाळीच मीटिंग होती. घामाघूम होऊन कसं जाणार?

१३ मार्च, रविवार.
माउंट व्हिक्टोरियावर सराव. बसने वर गेलो, कारण खरा कस उतरताना लागतो. वारा भयंकर. बसनेच उतरलो.
ऑफिसातला यशोधन म्हणतो, अरे रमण, त्या टेकडीवर लोक जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून जातात. त्याला काय कळतंय! मी कॉलेजात राजगड केलाय.

१९ मार्च.
नवे बूट घेतले. सुचित्राला हेदरची फुलं द्यायची कल्पना सुचली. नॅशनल पार्कात फुलं तोडली तर दंड होईल, म्हणून पार्कच्या ऑफिसला फोन करून विचारलं. तिकडची बाई खो खो हसली. म्हणाली, ते तण आहे, कुणीतरी बाहेरून आणून लावलंय आणि आता हटत नाही. खुशाल हवं तेवढं उपट, स्वीट ॲज.
शकुन चांगला आहे.

२२ मार्च.
सुचित्राचा फोन. ‘तुम्ही किती वाजता पोचाल?’ म्हणाली. लग्नाला दहा वर्षं झाली, आजवर ‘अरे’ आणि ‘तू’. आदर वाढलाय.

२५ मार्च, गुड फ्रायडे. संध्याकाळ, परतीच्या वाटेवरचं मोटेल.
चढलो. जवळजवळ.
अख्खी टेकडी जांभळी झाली होती. इरावती पुढे पळाली. बुटांनी टाचा सोलून काढल्या, म्हणून अर्ध्यावर बसलो. एक म्हातारी ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करत टुणटुणीत पुढे गेली. पायात जँडल्स.
सुचित्रा माझ्यासाठी थांबली. मी म्हणालो, वर गेल्यावर एक बोलायचंय. ती म्हणाली, इथंच बोला. मी म्हणालो, नाही, वरच. ती म्हणाली, तुम्ही काय बोलणार ते मला माहितीय. मी येणार नाही. आज नाही, पुढेही नाही. तेवढ्यासाठी पाय सोलून घेऊ नका.
आवाजसुद्धा चढवला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी तिला मनवतो. फुलं उपटायची राहूनच गेली. खाली आल्यावर तिनं इरावतीची बॅग दिली, खोकल्याचं औषध कुठल्या कप्प्यात आहे ते सांगितलं आणि गाडीत बसली.
एवढ्या लांब ड्राइव्ह करून दमली असणार. दमलेलं माणूस काहीही बोलतं. सोमवारी पोरीला न्यायला येईलच, तेव्हा शांतपणे विषय काढू.

२६ मार्च, सकाळ.
इरावतीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. टोस्ट खाता खाता तिनं विचारलं, बाबा, काल गाडी चालवताना का रडत होतास? मी म्हणालो, रडत नव्हतो गं, मला हेदरची अ‍ॅलर्जी आहे, डोळ्यांतून पाणी येतं.
तिनं समजूतदारपणे मान डोलावली. म्हणाली, आईलाही होती ती अ‍ॅलर्जी. वेलिंग्टनच्या घरात रोज व्हायची. ऑकलंडला गेल्यावर गेली.
मी तिच्यासाठी आणखी एक टोस्ट लावला. पाठ फिरवूनच उभा राहिलो.
सोमवारी सुचित्राला काही विचारायचं नाही. बरी झालीय ती.