घर बंद

सोलापूर,
दि. १४ जुलै २०२५

सौ. महादेवीताई यांस,

शिवयोगी सरांचा नमस्कार. घरी सगळे बरे असाल. टॉवेल कारखान्यात तुमची पाळी अजून सकाळचीच ना?

इकडे मान वर करायला फुरसत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज, खिचडीची रोजची माहिती, झाडांसोबत मुलांचे फोटो, आणि आता शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. शाळा सोडलेली मुलं दारोदार फिरून शोधायची. एमआयडीसीमागची तुमची वस्ती माझ्याच वाट्याला आली. एकशे बारा घरं केली. तुमच्या घरापुढे तीनदा 'घर बंद' लिहिलं.

घर बंद नव्हतं, ताई. तिन्ही वेळा दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात तुमची अंकिता टॉवेलच्या कडांचे धागे कापत बसली होती. मी फाइलीत तोंड खुपसून शेजारच्या घरी गेलो.

नोव्हेंबरात शाळेचा टॅब सापडेना. आणायला अंकिताला पाठवलं होतं, म्हणून भर वर्गात मी तिचं दप्तर उलटं केलं. टॅब निघाला नाही. भाकरी निघाली, आणि महिन्याच्या अडचणीसाठी तुम्ही दिलेल्या टॉवेलच्या घड्या. पोरं फिदीफिदी हसली. मी स्वतः दोन मुलींचा बाप. तरी तिला विचारलं काय, तर "कुठं लपवलास?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाळी बुडवून आलात. "सर, माझी पोर चोर न्हाय ओ. लई रडतीय. पोरांम्होरं तुमी एकदा सांगा की." मी संगणकावरची नजर न हलवता म्हणालो, "ताई, आज माहिती भरायची शेवटची तारीख आहे. नंतर बघू."

तेव्हा टॅब माझ्याच पिशवीत होता. मीच घरी नेला होता, आदल्या संध्याकाळी चार्जरला लावलेला सापडला. एक वाक्य बोलायचं होतं. ते गिळून मी त्या दिवशी तीनशे मुलांचे आधार क्रमांक भरले. एकही चुकला नाही. अंकिता मात्र पुन्हा शाळेत आली नाही. तेव्हापासून शाळेत कुणाचंही काम अंगावर घेतो. कामात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आज मुख्याध्यापकांनी माझा तक्ता वाचला. शाळाबाह्य मुलं: शून्य. "याला म्हणतात काम!" टाळ्या वाजल्या. मला स्वतःची किळस आली.

तक्ता परत मागून घेतलाय. अंकिताचं नाव लिहिलं. शाळा सोडण्याचं कारण विचारलंय, तिथे माझं नाव घातलं. खाली पालकांची सही लागते. उद्या सकाळी सहाला, तुमच्या पाळीआधी येतो. आधी अंकिताला सांगीन, मग परिपाठाला सगळ्या शाळेपुढे. ती आली नाही तरी सांगीन. हे पत्रसुद्धा तुमच्या शेजारच्या लालबींच्या हाती पाठवतोय, एवढा मी भित्रा.

दार लावून घेतलंत तरी तक्रार नाही. 'घर बंद' हे मी पहिल्यांदाच खरं लिहीन.

तुमच्या मुलीला चोर ठरवणारा,
शिवयोगी