मागचं घट्ट कर

रविवार, ४ फेब्रुवारी

आधी नुसतं घडलं ते.

१. सकाळी धायरीच्या मैदानावर आमच्या रिमोटवरच्या छोट्या ट्रकच्या सरावाच्या फेऱ्या. रिमोट प्रफुल्लच्या हातात, हत्यारांची पेटी माझ्याकडे. नेहमीप्रमाणे.
२. फेरी संपवून प्र. म्हणाला, "मागून लय नाचून राहिली गाडी. मागचं घट्ट कर."
३. मी ट्रकचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधली गिअरची डबी, उघडला. पाच हजार नंबरचं तेल काढलं, वीस हजारचं, म्हणजे बरंच घट्ट, भरलं.
४. फायनल. पहिल्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्याबरोबर मागची बाजू गर्रकन पुढे आली. ट्रक उलटा. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. शेवटचा नंबर.
५. प्र. सगळ्यांसमोर: "तेल चुकवलं हिनं. मी शॉकचं म्हटलं होतं."
६. शॉक हा शब्द त्याने उच्चारलेला नव्हता.
७. मी विचारलेलं नव्हतं.

सोमवार, ५

आमची सगळी तेलं एकतर घट्ट, नाहीतर पातळ. डिफचं घट्ट केलं की मागची दोन्ही चाकं एकमेकांना धरून फिरतात. शॉकचं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचं, घट्ट केलं की उडीनंतर ट्रक टणाटणा न उडता बसतो. त्याला उडीनंतरचं दिसत होतं. मला वळणातून निघताना आतलं चाक रिकामं फिरताना दिसत होतं. तो दोन्हीला नाचणंच म्हणतो.

पाचावरून एकदम वीसवर मात्र मी गेले. ते माझं.

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सस्पेन्शनची गणितं करते. तिथे एकक न लिहिता आकडा पाठवला तर फाइल परत येते. रविवारी मात्र "मागचं घट्ट कर" एवढ्यावर स्क्रूड्रायव्हर उचलते.

बुधवार, ७

प्र.चा फोन, जेवणाच्या सुट्टीत. सहा वर्षं पुण्यात, बोलणं अजून अमरावतीचं.

"काहून गं, रागावली का?"
"नाही."
"मग बोलून नाही राहिली ते?"
"ऑफिसात आहे."
"बरं, ऐक. पंचवीस तारखेच्या रेसला तेल मी पाहीन. तू फक्त खोलून दे."
"आणि चालवणार कोण?"
"कोण म्हणजे? मीच." हसला. "तुला हौस आली का आता चालवायची?"
"हौस नाही," म्हटलं.

मग काय आहे, ते सांगितलं नाही. इथे लिहिते: ट्रक दोघांचा आहे. कॉलेजपासून जोडला, तोडला, पुन्हा जोडला, त्यात अर्ध्याहून जास्त काम माझं. रेसमध्ये एकदाही माझ्या हातात आलेला नाही. कधी ठरलं, आठवत नाही. ठरलंच नसावं.

शुक्रवार, ९

मागच्या डिफची रबरी रिंग गळते आहे. ऑफिसहून कसबा पेठेत, रबरी रिंगांच्या दुकानात. दुकानदाराने जुनी रिंग बोटावर ठेवून पाहिली.

"कुकरच्या शिट्टीची?"
"नाही, डिफरन्शियलची."
"एवढासा? आत कोण बसतं?"
"कोणी नाही."
"मग गळू द्या की."

रिंग मात्र बरोबर मापाची दिली. वर, "एवढ्याशा गाड्यांचं शोरूमपण काढा आता."

घरी येऊन बाटल्यांना चिकटपट्ट्या लावल्या. 'डि.' आणि 'शॉ.' खाली आकडा. घट्ट, पातळ, नाचणं: हे शब्द बंद.

रविवार, ११

निघताना आई: "आज ट्रक कोण उलटा पाडणार?"
"मी."
"बरं. दुपारपर्यंत पाडून होईल ना? भरली वांगी आहेत."

धायरी. मी एकटी. एका वेळी एकच बदल, असं ठरवून गेले होते.

डिफ पुन्हा पाच हजारवर. शॉक तसेच. पाहिलं: उडीनंतर मागचं टोक दोनदा आपटतं. प्र.चं बरोबर होतं.
मागचे शॉक तीस नंबरच्या तेलावरून पस्तीसवर. एकदाच दबतो, बसतो.
मग मागचा डिफ सात हजार. आतलं चाक जमीन धरतं. माझंही बरोबर होतं.

चालवताना पहिल्या बॅटरीत तीनदा ट्रॅकच्या कडेच्या पाइपला धडक. दुसऱ्या बॅटरीत एकदा. अंगठा आखडतो, थ्रॉटल एकदम जातो. तेल बदलून हे जाणार नाही. तिसऱ्या बॅटरीत एकदाही नाही.

मागून आवाज: "तू चालवून राहिली?"

प्र. बाइक टेकवून उभा होता. किती वेळ, कोण जाणे. मी रिमोट दिला. त्याने दोन फेऱ्या मारल्या.

"काय टाकलं?"
"आधी सांग, कसा वाटतो."
"बसते चांगली. पण वळणात तिखट आहे."
"तिखट म्हणजे?"
"तिखट म्हणजे तिखट! आता त्याची पण रेसिपी सांगू का?"
"पुढचं की मागचं? वळणात शिरताना की निघताना?"

हसायला लागला. मग थांबला. ट्रक पुन्हा त्या वळणात घातला, मुद्दाम सावकाश.

"शिरताना. पुढचं."

इतक्या वर्षांत त्याने दिलेलं पहिलं उत्तर, ज्यावर काम करता येईल. पुढच्या शॉकमध्ये पस्तीस काढून चाळीस भरलं. त्याने चालवला. मान हलवली.

तेव्हाच म्हटलं, "पंचवीसला मी चालवते. पेटी तू घे."
ट्रकवरची धूळ झाडत राहिला. म्हणाला, "पाहू."

मंगळवार, १३

प्र.चा फोन नाही. "पाहू"चा अर्थ परवापासून लावते आहे. घट्टसारखाच शब्द. ऐकणाऱ्याने हवा तो भाग उघडायचा.

आज उघडणार नाही. विचारलं. पाठवलेला मेसेज इथे उतरवून ठेवते:

"प्रफुल्ल, २५ च्या रेसला ट्रक मी चालवावा आणि पेटी तू सांभाळावीस, असं माझं म्हणणं आहे. मागचा डिफ ७०००. मागचे शॉक ३५, पुढचे ४०. हे दोघांनी मिळून काढलेले आकडे आहेत, ते कोणीही चालवलं तरी राहतील. एका ट्रकमागे चालवणाऱ्या एकाचंच नाव घेतात आणि ते शनिवारी द्यायचं आहे. ट्रक दोघांचा, म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी माझं नाव देणार नाही. तुझंही देणार नाही. 'पाहू' हे उत्तर धरत नाही. हो किंवा नाही, शुक्रवारी, १६ तारखेला संध्याकाळपर्यंत कळव."