कपाळावरचे पिवळे दाणे

२० सप्टेंबर
कालिम्पोंगहून जीप निघाली तेव्हा पाऊस होता, इथे उतरले तर लख्ख ऊन. शाळेत नोकरी मिळाली आणि घरही मिळालं, तेही व्हरांड्यासकट. नशीब उघडलं म्हणायचं. घरमालकीण मेनुकादिदी खाली एकटीच राहते. तिने चहा दिला आणि वर ऐकवलं, "मिस, पाणी जपून वापरायचं, गप्पा हव्या तेवढ्या."

व्हरांड्याच्या खांबावर, काथ्याने बांधलेल्या ओंडक्यावर एक सुनाखरी, म्हणजे ऑर्किड, आहे. बाबा होते तेव्हा त्यांनी आमचं घर ऑर्किडनी भरून टाकलं होतं, त्यामुळे मी पानांवरून जात ओळखते. ही मात्र ओळखता येईना. फुगीर कंद, प्रत्येकावर दोन पानं, पानांची पाठ जांभळी. धाकट्या भावाला, सुदेनला फोटो पाठवला. फूल दाखव, मग नाव सांगतो, म्हणाला. तुझ्या हातून फुललं तर म्हणा. भाईटीकेला, म्हणजे भाऊबीजेला, येईल तेव्हा स्वतःच बघणार आहे.

१४ ऑक्टोबर
कळी आली! मेनुकादिदीने पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. उमलायच्या आत खुडून टाक, म्हणाली. दरवर्षी ती खुडते. का, ते सांगेना. मीही हट्टी, इतकं जपलेलं का खुडू?

सुदेनला सांगितलं तर हसत सुटला. म्हणाला, काही ऑर्किड नर माशीला मादीचा वास दाखवून फसवतात. तो बिचारा तोंड खुपसतो, परागाचे दोन दाणे कपाळाला चिकटतात आणि ते घेऊन तो तशाच दुसऱ्या फुलाकडे धावतो. तिथेही त्याला काही मिळत नाही. "तुझी मालकीण माशी आहे का गं, दिदी?"

३० ऑक्टोबर
उमललं. तपकिरी, मखमली, मधली पाकळी केसाळ. कुठल्याच जातीशी जुळत नाही. वासावरून ओळखावं म्हणून नाक नेलं, तर बाबांच्या ओल्या स्वेटरचा वास. त्यांच्या तंबाखूचाही. मी रडले.

मेनुकादिदी दारातूनच बोलली. तिला नवऱ्याच्या केसांच्या तेलाचा वास येतो. जो गेला त्याचाच वास देतं हे, म्हणाली. नवऱ्याला त्याच्या आईचा यायचा. काही वर्षांपूर्वी तिहारला, दिवाळीत, तो ओढ्याकडच्या रानात उतरला तो परत आलाच नाही. कळ्या खुडते, पण झाड तिच्याने फेकवत नाही.

कात्री घेतली होती. बाबांना कसं कापू? शाळेत मन लागत नाही, मधल्या सुट्टीत पळत घरी येते.

५ नोव्हेंबर, भाईटीका
सुदेन मोटरसायकलवरून आला. खिशात संत्र्याच्या साली, अंगाला पेट्रोलचा वास. जोडे न काढताच फुलाकडे गेला. नाक खुपसून बराच वेळ उभा होता. वळला तेव्हा डोळे भरलेले होते. बाबा, एवढंच म्हणाला.

त्याला बसवलं, यमाने ओलांडू नये म्हणून भोवती तेलाची रेघ ओढली, दारात अक्रोड फोडला. कपाळावर आधीच दोन पिवळे दाणे दिसले. माझ्याच ताटातला रंग उडून लागला असेल म्हणून त्यावरच सात रंगांचा टीका लावला. सेलरोटी अर्धी टाकून तो उठला. ओढ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाला.

६ नोव्हेंबर
आला नाही. मोटरसायकल दारातच आहे. गावातले लोक रानात गेलेत.

मेनुकादिदीला दाण्यांचं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या कपाळावरही होते. तिहारचा टीका समजून तिने पुसले नाहीत. टीका कोण पुसतं?

मी रेघ ओढली, यम बाहेर राहावा म्हणून. आणि तो आत, माझ्याच बोटाखाली—

८ नोव्हेंबर
शोध चालू आहे. सापडेल. पाय मुरगळून कुठेतरी बसला असेल. मला फार भीती वाटते.

फुलाला बाबांचाच वास येतो. म्हणजे सुदेन अजून—

९ नोव्हेंबर
आज बाबांचा वास नाही.

संत्र्याची साल. पेट्रोल.

नाही. लोक अजून शोधताहेत, अजून—

१० नोव्हेंबर
फुलापाशी किती वेळ होते, आठवत नाही. आरशात पाहिलं. कपाळावर दोन—

पुसायचे आहेत. फडकं हातात आहे. तिथे काही मिळत नाही, त्यानेच सांगितलं होतं. मेनुकादिदी खालून हाका मारते आहे, पण ओढ्याकडून वास इतका जवळून—

सुदेन, थांब. तुझी अर्धी सेलरोटी राहिली आहे, ती घेऊन—