लोणच्याच्या बरणीतले मासे

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रुसायची मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. साठी उलटली, सुना आल्या, तरी ताईचं नाव निघालं की चिंचवडच्या आपल्या दोन खोल्या दिसायला लागतात, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तुमची ती काचेची टाकी दिसते, आणि कोपराच्या वर बाही सारून टाकीत हात घालून उभी असलेली ताई दिसते. टाकीत हात तुमचा जायचा नाहीतर तिचा. मी मागे टॉवेल घेऊन उभी.

टाकी खरं म्हणजे ती यायच्या आधीची. कंपनी नवी निघाली तेव्हा तुम्ही रत्नागिरीकडचं गाव सोडून इकडे आलात, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, खात्यात लागलात, आणि समुद्र काही तुमच्या डोक्यातून गेला नाही. सुट्टीच्या दिवशी लोखंडी अँगल आणून, काचा कापून, सांध्यांत लांबी भरून तुम्ही ती टाकी उभी केलीत. तळाला गावची शिंपल्यांची पांढरी वाळू पसरलीत. गावाकडून कुणीही येवो, त्याच्यामागोमाग एसटीच्या टपावरून समुद्राच्या पाण्याचे कॅन उतरायचे. कॉटखाली आमच्या पेट्या ठेवायला जागा नव्हती, तिथं समुद्र भरून ठेवलेला. शेजारचे लोक यायचे, टाकीतल्या दोन खेकड्यांकडे आणि त्या दगडांकडे बघायचे आणि म्हणायचे, "अण्णा, पाणी झकास आहे, पण मासे कुठायत?" मला तेव्हा ती टाकी आवडायची. रिकामी होती ना, म्हणून.

मग काका गेले, आणि तुम्ही गावाहून येताना त्यांच्या मुलीला, ताईला, घेऊन आलात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मांडीवर डालडाचा मोठा डबा, त्यात समुद्राचं पाणी आणि कातळातल्या डबक्यांतून तिनं स्वतः धरलेले चार मासे. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. घाटभर तिनं तो डबा हिंदकळू दिला नव्हता म्हणे. हे तुम्ही त्या दिवशी आईला सांगितलंत, शेजारच्यांना सांगितलंत, दुसऱ्या दिवशी कंपनीत सांगितलंत. आणि ती आल्यापासून तुमची गावची भाषा परत आली. माझ्याशी तुम्ही शहरातलं बोलायचात, "जेवलीस का? अभ्यास झाला का?" तिला मात्र "खाल्लंस काय गो?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून बघितलं, कुणाचा हा आवाज म्हणून. माझ्या जन्मात तो मी ऐकला नव्हता.

मी आईजवळ कुरकुर केली की ती एकच सांगायची. "अगं, तिला बाप नाही." झालं, तिथं बोलणं संपलं. तिला बाप नाही म्हणून नवीन फ्रॉक आधी तिला. तिला बाप नाही म्हणून सेकंड शिफ्टहून आल्यावर तुम्ही तिच्या अंगावरचं पांघरूण नीट करणार. मला बाप होता, म्हणून मला काही लागत नव्हतं. एवढा साधा हिशोब, आणि तो चुकीचा आहे असं म्हणायची सोयही नाही. म्हटलं असतं तर मीच नालायक ठरले असते. म्हणून मी माशांचा राग केला. त्यांचा राग करायला हरकत नव्हती.

मी आठवीत असतानाच्या चैत्रात मासे आजारी पडले. पहिल्यांदा ताईनंच पाहिलं. शेपटीवर रव्याचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके. दोन दिवसांत अंगभर. मासे दगडाला अंग घासत होते, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. तुम्ही टाकीसमोर उकिडवे बसलात आणि चेहरा असा केलात, जसा माझ्या गोवराच्या वेळीही केला नव्हतात. "किडा लागलाय गो," तुम्ही म्हणालात, अर्थात तिला. द्राक्षवाले वेलीवर मारतात तो मोरचूद तुमच्या खात्यात होताच. निळ्या खड्याची पूड पाण्यात विरघळवून तुम्ही थेंबथेंब टाकीत सोडलीत. ढवळायला ताई. काही फरक नाही. पुन्हा सोडलीत, तेव्हा खेकडे मेले आणि ठिपके तसेच. ती शिंपल्यांची वाळू मोरचूद पिऊन टाकते, आणि खेकड्यांना तो सोसत नाही, हे पुढं कधीतरी एका मासेवाल्या दुकानदाराकडून मला कळलं. तेव्हा आपल्याला कुठून कळणार? चारांतला एक मासा सकाळी वाळूवर आडवा पडलेला दिसला. ताई रडली, आणि तुम्ही तिला जवळ घेतलंत. मी दात घासत होते.

नेमकं त्याच आठवड्यात काकांचं वर्षश्राद्ध. तुम्ही आणि ताई गावाला निघालात, आई आणि मी घरी, माझी परीक्षा म्हणून. निघताना तुम्ही टाकीकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "हात लावू नकोस. जगायचे ते जगतील." एवढंच. पोरीला ठेवून चाललोय, तर नीट राहा, अभ्यास कर, काही नाही. माझ्या वाट्याला मासे आले तेसुद्धा हात न लावण्यासाठी.

दोन दिवस नाही लावला. तिसऱ्या दिवशी मला ते पाणीच बघवेना. मोरचुदाची निळसर झाक, मेलेल्या खेकड्यांचा वास. आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या दोन मोठ्या चिनी मातीच्या बरण्या रिकाम्या, कैऱ्यांची वाट बघत. मी एक उचलली, कॉटखालच्या कॅनमधलं पाणी फडक्यातून गाळून तिच्यात ओतलं, टाकीच्या हवेच्या पंपाची नळी आत सोडली आणि चहाच्या मोठ्या गाळण्यानं तिन्ही मासे त्यात टाकले. आई पीठ मळता मळता बाहेर आली. "बरणीत? अगं, लोणचं कशात घालू आता, तुझ्या डोक्यात?" मग थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "घातलेच आहेस तर बरणी दोन दिवसांनी बदल. शिळ्या पाण्यात ठेवू नकोस बिचाऱ्यांना. आणि काढलेली बरणी नीट शेक, मला त्यात खायचं घालायचंय."

बरणी शेकणं म्हणजे काय हे आपल्या घरात सांगावं लागत नाही. उकळतं पाणी ओतायचं, घुसळून टाकायचं, मग गॅलरीत कडक उन्हात पालथी, मग उताणी, आतून कोरडी ठणठणीत होईपर्यंत. एक थेंब राहिला तर लोणच्याला बुरशी. मी तसंच करत गेले. मासे एका बरणीतून दुसऱ्या बरणीत, पहिली उन्हात. पुन्हा उलटं. मला औषधबिवध काही ठाऊक नव्हतं, मी आपली लोणच्याची बरणी सांभाळत होते. आज मला माहीत आहे की ते किडे माशाच्या अंगावरून गळून तळाशी बसतात, तिथं त्यांची वीण होते आणि ती पुन्हा माशांवर चढते. भांडंच बदललं आणि आधीचं उन्हात कोरडं केलं की वीण जागच्या जागी खलास. आठवड्यासाठी गेलेले तुम्ही पंधरवडाभर राहिलात, आणि माझ्या बरणीतले मासे रोज थोडे थोडे स्वच्छ होत गेले. पेपर लिहून घरी आले की मी आधी बरणीत डोकवायचे. अण्णा, त्या दिवसांत मी फार खूश होते. तुम्ही दार उघडून आत याल, बरणीत बघाल, मग माझ्याकडे बघाल. हे मी इतक्या वेळा मनात करून बघितलं होतं की तुम्ही काय बोलाल तेही ठरलेलं होतं.

तुम्ही येता. खांद्यावर फणसाची पिशवी, मागे ताई. टाकी रिकामी बघून दारातच थबकता. मी बरणीकडे बोट करते. तुम्ही वाकून बघता, एकही ठिपका नाही, पिवळे धमक मासे. आणि तुम्ही वळता, ताईकडे. "बघ गो, तुझे मासे जगले." तिच्या डोक्यावर हात ठेवता. आई आतून म्हणते, "हिनं केलंय सगळं, परीक्षा असताना." मग तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "हात लावू नको म्हटलं होतं ना?" आवाज चढवलाही नाहीत तुम्ही. फणस उतरवलात आणि पाय धुवायला गेलात.

त्या संध्याकाळी मासे परत टाकीत गेले, ताईच्या हातानं. आठवड्यात ठिपके पुन्हा आले, येणारच होते, टाकीत सगळं तसंच होतं ना. मग तुम्ही टाकी पार उपसलीत, वाळू गच्चीवर टाकलीत, आणि ताईला म्हणालात, "त्या बरण्या आण." पुन्हा तीच अदलाबदल सुरू झाली. बरण्या शेकायला मी, मासे उचलायला ती. मासे पुढं दोन वर्षं जगले. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, बरणीचं तुला सुचलं कसं. मीही कधी सांगितलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते, आणि मग तुम्ही गेलात.

आता हे सगळं आज का, तर परवा तळवड्याला ताईच्या नातीचं बारसं झालं. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी म्हाताऱ्या पान खात बसलो होतो. माशांचा विषय तिनंच काढला. म्हणाली, "गावाला मी रोज रडायचे गं, मासे मेले असतील म्हणून. तर तुझे अण्णा म्हणायचे, रडतेस कशाला? माझी बाय घरात हाय. ती मासे मरू द्यायची नाय गो. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाय." हे सांगून ताईनं माझा हात दाबला. तिला वाटलं मला भरून आलंय. मी विचारलं, "कसे म्हणाले, चिडून?" ती म्हणाली, "छे गं. हसत होते. ओटीवर बसायचे आणि तुझं सांगताना हसायचे."

हे पत्र मी ताईला वाचून दाखवू शकते, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला समजणार? पण दाखवणार नाही. जे ऐकायला मी जन्मभर थांबले ते तुम्ही बोलला होतात, माझ्याबद्दलच बोलला होतात, आणि बोललात तिच्याजवळ. माझ्या कौतुकानं हसताना तुमचा चेहरा कसा दिसायचा, हे तिला ठाऊक आहे. ते ऐकून मला आनंद झाला असं मी तिला सांगितलं, अण्णा. मला तिचा हेवा वाटला.