सुनंदाचं दार

२८ नोव्हेंबर
सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव. ह्यांनी मला न विचारता फॉर्म आणला, मी मुकाट सही केली. संध्याकाळी कळलं, समोरून सुनंदा. तिच्या नवऱ्यानंही तेच केलं असणार. वीस वर्षं तिच्या ओट्यावर बसून आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधतो, आदिलाबादच्या बाजाराला नेतो.
विचारलं, "काऊन वं, तू बी?"
ती हसली. "लढू दे ना त्यांले. आपल्या दोघीत काय हाय?"
बरं वाटलं.

२ डिसें.
जुड्या घरीच बांधल्या, एकटीनं. हे म्हणतात, मतदान होईस्तोवर तिच्याकडे फिरकायचं नाही, गुपितं फुटतात. आमची कसली डोंबलाची गुपितं? माझी निशाणी कातर, तिची अंगठी.

५ डिसें.
आज घरोघर प्रचार. हातात कुंकवाचा करंडा. बाई उभी असली की प्रत्येक सवाष्णीला आधी कुंकू लावायचं, मग मत मागायचं. सु.चं दार आलं. ती डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभी, कपाळ जरासं पुढे केलेलं.
मागून हे म्हणाले, "दुश्मनाच्या घरी काय काम? चाल पुढं."
आणि मी गेले पुढे. शेजारणीला लावलं.
तिचा नवरा धडधाकट आहे, आणि मी भर गल्लीत तिला विधवेसारखं वगळलं.

६ डिसें.
सु. आमच्या गल्लीत आली. वाटलं, आता माझं दार वगळेल. वगळलं असतं तर फिट्टंफाट झाली असती. पण आली. कपाळाला कुंकू टेकवलं, म्हणाली, "मत नको देऊ. कुंकवाले नाई म्हनू नये."
बोट गार होतं. थांबली नाही. तिच्या मागच्या बायका तेवढ्या माझ्याकडे बघत गेल्या.

१४ डिसें.
निवडून आले. गुलाल, डफडं, पेढे. माझं स्वतःचं मत कोणाला दिलं ते इथेही लिहीत नाही.

१५ डिसें.
सकाळी बस स्टँडजवळच्या हॉटेलात हे आणि सु.चा नवरा एका बाकावर. बशीत ओतून चहा, हसणं. घरी आल्यावर विचारलं तर म्हणे, "इलेक्शन सरलं, आता काहाची दुश्मनी?"
यांचं बरं आहे. सदरा घालावा तशी दुश्मनी घालायची, मग खुंटीला लावायची. आमच्यात तर भांडणच नव्हतं. मग मिटवायचं काय? सगळा दिवस चिडचिड. खरं म्हणजे तिची आठवण येते, इतकंच.

१९ डिसें.
शेवटी गेले. एकटी, करंडा घेऊन. तिनं कुंकू लावून घेतलं, मलाही लावलं.
मी म्हटलं, "त्या दिवशीचं माफ कर वं."
"काहाची माफी?" असं म्हणून आत गेली. प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, पदरानं पुसली. "बसा, सरपंचबाई."
वीस वर्षांत त्या घरात मला कोणी खुर्ची दिली नव्हती. आणि मी बसले. काऊन बसले? चहा संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी. पोरांची चौकशी झाली, थंडीची झाली. मी उठले तेव्हा दारापर्यंत आली, पायरी उतरली नाही.
उद्या परत जाणार. ती खुर्ची आणायला वळायच्या आत खाली बसायचं.