डोंगराची शपथ

सर, काल शिर्डीच्या एका हॉटेलात हवामानबदलावर माझं भाषण झालं. माणसांच्या सवयी बदलायला मानसशास्त्र काय करू शकतं, हा विषय. नेहमीप्रमाणे आपल्या त्या गावाची गोष्ट सांगितली आणि टाळ्या घेतल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही मागच्या खुर्चीत असतात तर टाळी वाजवली नसती, हे मला तिथेच जाणवत होतं.

नव्वदच्या दशकातले ते उन्हाळे. नगरच्या कॉलेजात तुम्ही मानसशास्त्र शिकवता आणि दर रविवारी मला घेऊन एसटीने त्या कोरड्या गावात जाता. डोंगरावर गवत परत यावं म्हणून गावाने चराईबंदी ठरवली आहे, पण शेळ्या काही थांबत नाहीत. तुम्ही कुणाच्या तरी ओट्यावर बसून नुसतं ऐकता. मला मात्र घाई. पुस्तकात वाचलेलं डोक्यात ताजं, की चारचौघांत दिलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही. तुम्ही म्हणालात, "आणि मोडला तर त्याचं काय होतं, तेही वाच." मी कसली ऐकते! तुम्ही तापाने घरी होतात त्या रविवारी मी सरपंचांना गाठलं आणि खंडोबाच्या देवळात घरटी एकाला बेलभंडारा उचलायला लावला. डोंगरात शेळ्या न घालण्याची देवाची शपथ ती. डोंगर खरंच बंद झाला, काही वर्षांनी हिरवाही झाला.

गावात एक विधवा बाई होती, तिचं घर शेळ्यांवर चालायचं. चारा संपला तेव्हा तिने पहाटे शेळ्या डोंगरात घातल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. पण पुढे पावसाने दडी मारली, तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, म्या शपत मोडली म्हनून पानी पडलं न्हाई. समद्या गावाला माझं पाप लागलं बघा." मी हसले. म्हटलं, "असं काही नसतं हो, मावशी." ती देवळात यायची थांबली, मग पाणवठ्यावरही दिसेना. तुम्ही मात्र दर रविवारी तिच्या दारात जाऊन बसायचात. मला एकदाच बोललात, परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत: "शपथ घालताना तिच्या शेळ्या काय खातील, हे विचारलंस का कुणाला?" मला तुमचा भयंकर राग आला होता.

आभाळ फिरलं कुणामुळे आणि भार कुणाच्या डोक्यावर! मी अजून तेच करते, सर. हंड्याने पाणी वाहणाऱ्या बायकांना पाणी जपायला सांगते आणि मोठ्या गाड्यांतून आलेल्या पाहुण्यांना दुखवत नाही. माझी गोष्ट डोंगर हिरवा झाला की संपते. त्या बाईपर्यंत मी कधी येतच नाही. लाज वाटते.

खरं तर हे तिला सांगायला हवं. ती थकलीय, पण आहे अजून, आणि गाव नगरहून तासाभरावर. मी लिहायला बसले ते मात्र तुम्हाला.